झाकली मूठ दुष्काळात उघडावी



ज्या साली परतीचा पाऊस दगा देतो, त्या साली दिवाळीनंतर गावात एक चमत्कारिक शांतता पसरते. पारावरची मंडळी राजकारणावर बोलतात, बाजारभावावर बोलतात. पण आपल्या विहिरीत पाणी किती उरले हे कोणी कोणास सांगत नाही. घरात विचारले तर कर्ता म्हणतो, "बघू, होईल काहीतरी." मनात मात्र त्याचा हिशेब चालूच असतो. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, दावणीची जनावरे, पोराची फी. रात्री कूस बदलत तो हा हिशेब पुन्हा पुन्हा करतो आणि सकाळी कोणालाही काही न सांगता शेतावर जातो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. सुगीच्या साली ही म्हण चालून जाते. बाजारात बैलजोडी घेताना ती उपयोगीही पडते. तुटीच्या साली मात्र हीच म्हण घर बुडविते. कारण मूठ झाकलेली असली की घरातील बाकीची माणसे भरल्या घरासारखीच वागत राहतात. धाकटा भाऊ नेहमीएवढी पेरणी करतो, मुलगा नवी गाडी मागतो, पाहुण्यांना लग्नाची तारीख दिली जाते. यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

संकटात खंबीर राहावे, असे आपण सगळेच सांगतो. पण खंबीर राहणे म्हणजे ओठ मिटून सोसणे, अशी आपली समजूत झाली आहे. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. घराचा कर्ता असो की गावचा सरपंच, अडचणीच्या साली त्याने करावयाचे पहिले काम म्हणजे तूट मोजणे आणि ती सर्वांपुढे मांडणे. दुसरे काम म्हणजे ठरविलेले गणित चुकले तर ते बदलणे आणि त्यापासून शिकणे. बाकीचे पुढारीपण त्यानंतरचे.

पायऱ्या कोणी मोजल्या?

आमच्या भागातील एका एकत्र कुटुंबाची हकीकत सांगतो. तीन भाऊ, एक पायऱ्यांची विहीर. थोरले आबा घरचे कर्ते. दरवर्षी रब्बीत तीन एकर गहू ठरलेला. एका कमी पावसाच्या साली आबांनी नेहमीप्रमाणे तीन एकरांची तयारी केली आणि पाणी कमी पडल्यास बोअर घ्यायचे असे मनाशी पक्के केले. त्यासाठी घरातील सोने तारण ठेवण्याचेही त्यांनी ठरविले होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

एके दिवशी शेतावर विहिरीचा विषय निघाला. आबा म्हणाले, "पाणी आहे अजून. काळजीचं कारण नाही." तेव्हा थोरली सून हळूच म्हणाली, "आबा, गेल्या दिवाळीला पाणी सातव्या पायरीवर होतं. यंदा अकरावीवर गेलंय." रोज पहाटे विहिरीवर जाणारी ती होती. पायऱ्या तिने मोजल्या होत्या. पण घरात तिला कोणी विचारले नव्हते आणि आपण होऊन सांगावे असे वळणही नव्हते.

आबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणखी काय काय मोजलंयस?" तिने सांगितले की कडबा होळीपर्यंतच पुरेल. धाकट्याने सांगितले की पंप पूर्वी चार तास चालायचा, आता अडीच तासांत विहीर तळ गाठते. प्रत्येकाजवळ हिशेबाचा एकेक तुकडा होता. तो एकत्र झाला नव्हता, एवढेच.

तीन एकरांचे गणित

मग आम्ही बांधावर बसून वहीत गणित मांडले. हे गणित कोणत्याही घरी दहावीतील मुलगा करू शकेल, म्हणून येथे देतो.

गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा. व्यासाला व्यासाने गुणावे, आलेल्या आकड्याला ०.७८५ ने गुणावे, त्यास पाण्याच्या उंचीने गुणावे आणि शेवटी १,००० ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. या विहिरीचा व्यास ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट होता. अशा विहिरीत १ मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. पंप बंद केल्यापासून २४ तासांत पाणी १ मीटर चढत होते. म्हणजे विहीर दिवसाला २८,००० लिटर देत होती.

आता पिकाकडे पाहू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर एकराला सुमारे २,४३,००० लिटर लागतात. दिवसाला २८,००० लिटर देणाऱ्या विहिरीला एक एकर भिजविण्यास जवळजवळ ९ दिवस हवेत. तीन एकरांना २७ दिवस. गव्हाची पाळी तर साधारण २० ते २१ दिवसांनी येते. म्हणजे कार्तिकातच तीन एकर बसत नव्हते. पौष-माघात विहिरीचा झरा निम्म्यावर आला तर एकराला १७ दिवस लागणार. तेव्हा जेमतेम एक एकर निभावेल.

आकडे समोर आल्यावर वाद मिटला. एक एकर गहू, एक एकर हरभरा आणि उरलेल्या रानात जिरायत ज्वारी असे ठरले. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी मिळाली तरी तो चांगला येतो. ज्वारी भारी जमिनीतील ओलीवर येते. तिला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी केली म्हणजे भेगा बुजतात आणि ओल टिकते. पोटरीच्या वेळी एखादे संरक्षित पाणी देता आले तर सोन्याहून पिवळे.

गव्हाचे पाणीही तोलून द्यावे. तीन पाणी देता येत असतील तर पेरणीनंतर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत. दोनच असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. एकच असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे.

त्या घराला त्या साली पैसा फार झाला नाही. एक कालवड विकावी लागली. पण बोअरचे कर्ज झाले नाही आणि सोने घरात राहिले. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माघात विहीर खाली गेली तेव्हा घरात कोणी कोणावर ओरडले नाही. ती खाली जाणार हे सर्वांना आधीच ठाऊक होते.

कातळाखालचे पाणी सामाईक

एका घराने शहाणपणा केला म्हणून गाव तरत नाही. त्याचे कारण आपल्या जमिनीच्या पोटात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. या कातळात पाणी सलग साठत नाही. वरच्या कुजलेल्या मुरमात, सांध्यांत आणि भेगांत ते असते. त्या भेगा बांध मानीत नाहीत. शेजाऱ्याने आपल्या विहिरीपेक्षा खोल बोअर घेतले आणि त्यास तीच भेग लागली, तर आपली विहीर आटते. मग आपण त्याहून खोल जातो. पाऊस तेवढाच, पाणी तेवढेच. वाढते ते फक्त कर्ज. कित्येकदा खोल गेल्यावर कोरडा कातळच लागतो आणि भोकाचे पैसे मात्र फेडावे लागतात.

तेव्हा आपल्या विहिरीचे पाणी गुपित ठेवण्यात अर्थ नाही. ते मुळी आपल्या एकट्याचे नसतेच. येथे घरच्या कर्त्याचे काम संपते आणि गावाच्या पुढाऱ्याचे सुरू होते. 'गाव करी ते राव न करी' असे म्हणतात, पण गाव आपोआप करीत नाही. पहिला हिशेब कोणीतरी मांडावा लागतो. आपल्याच मुलखातील दोन उदाहरणे पाहू.

नायगावची वाटणी

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंता व कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे शेतकरी त्यांनी पाहिले. ज्यांच्या नावावर जमीन आहे तेच दुसऱ्याच्या कामावर दगड फोडीत होते, कारण जमिनीला पाणी नव्हते.

साळुंखे शेतकरी नव्हते. त्यांनी गावाला भाषणे दिली नाहीत. नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तेथे स्वतः करून पाहण्यास सुरुवात केली. बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर घेतली, पाणी उचलून वर नेले. कमी पावसाच्या मुलखातील माळरानही पिकू शकते हे डोळ्यांनी दिसल्यावर आजूबाजूचे शेतकरी येऊ लागले. ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या मार्फत हे काम 'पाणी पंचायत' या नावाने पसरले.

पाणी पंचायतीचे नियम नीट वाचण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. आणि योजनेच्या खर्चापैकी २० टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः घालायचा.

यातील प्रत्येक नियम कोणाला ना कोणाला टोचणारा आहे. वीस एकरवाल्याने अडीच एकरांवर समाधान मानायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. पण तुटीत सगळे सारखे सहभागी आहेत हे दिसले की माणसे नियम पाळतात. पुढाऱ्याने एकट्याला झळ लागू दिली नाही तर मात्र नियम दुसऱ्या दिवशी मोडतो. पाणी पंचायतीच्या काही योजना चालल्या, काही पुढे बंदही पडल्या. साळुंखे २००२ साली वारले. परंतु पाणी हे जमिनीच्या मालकाचे नसून माणसांचे आहे, हा त्यांनी घालून दिलेला विचार आजही पाण्याच्या प्रत्येक चर्चेत पुढे येतो.

हिवरे बाजारची ग्रामसभा

दुसरे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. पर्जन्यछायेतील गाव, सरासरी पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. एके काळी दारू, भांडणे आणि कामासाठी गाव सोडून जाणारी माणसे यांसाठीच ते ओळखले जाई. १९८९ साली पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, क्रिकेट खेळणारे तरुण तेथे सरपंच झाले.

पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंब नियोजन ही सूत्रे ग्रामसभेने स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खणले, ओघळींवर बांध घातले. हे काम इतर पुष्कळ गावांतही झाले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढचे आहे. पाणी अडल्यावर गाव मोकळे सुटले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी घ्यायची नाही, असे गावाने ठरविले. आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत सुरू केली.

हा ताळेबंद म्हणजे आपल्या आबांच्या वहीतील गणितच, फक्त गावाचे. पाऊस किती पडला हे गावातील पर्जन्यमापकावर मोजायचे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, या हिशेबाने शिवारात किती पाणी आले ते काढायचे. वाफ होऊन किती गेले, वाहून किती गेले, मुरले किती, याचा अंदाज घ्यायचा. विहिरींची पातळी पाहायची. मग आधी माणसांचे आणि गुराढोरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, काही पाणी पुढच्या सालासाठी जमिनीच्या पोटात राखायचे आणि उरेल त्यात रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी तर पिकांचे क्षेत्र कमी.

हे सर्व ग्रामसभेत, सर्वांसमोर. सरपंचाने एकट्याने ठरवून आज्ञा केली असती तर ती कोणी पाळली नसती. आकडा फळ्यावर लिहिला गेला की तो सरपंचाचा राहत नाही, गावाचा होतो. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या सन्मानामागे वर्षानुवर्षे धरून ठेवलेली ही हिशेबाची शिस्त आहे.

चुकले तर वहीत लिहावे

कोणी म्हणेल, ताळेबंद चुकला तर? चुकतोच. अवकाळी पाऊस येतो, झरा अचानक आटतो, रोग पडतो. शेतीत गणित तंतोतंत जुळत नाही. म्हणूनच ते दरवर्षी पुन्हा मांडावे लागते.

आपल्याकडे कर्त्याने चूक कबूल केली तर त्याचा मान जातो असे मानतात. त्यामुळे चुकीचा निर्णय रेटून नेला जातो. तीन एकर पेरले आहे ना, मग काही झाले तरी तीन एकर भिजवायचे. आणि शेवटी तीनही एकर अर्धवट वाळतात. त्यापेक्षा डिसेंबरात एक एकर सोडून देऊन दोन एकर वाचविणारा कर्ता घराच्या कामाचा. सोडून दिलेल्या एकराचा चारा तरी होतो.

यासाठी घरात एक वही ठेवावी. पानावर तीन रकाने आखावेत: काय ठरविले, काय झाले, पुढच्या साली काय करायचे. दर पंधरा दिवसांनी विहिरीची पातळी त्यात लिहावी. लिहिण्याचे काम शाळकरी मुलामुलींकडे द्यावे. चार वर्षांनी ही वही कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकविते, कारण ती तुमच्याच शिवाराची असते. आणि ज्या मुलीने चार वर्षे पाणी मोजले, ती उद्या ग्रामसभेत उभी राहून बोलू शकते. पुढारीपण असेच तयार होते.

एक पथ्य मात्र पाळावे. वहीत 'कोणामुळे झाले' हा रकाना आखू नये. तो आखला की माणसे खरे आकडे सांगणे बंद करतात.

एकट्याने ओझे वाहू नये

शेवटी एक नाजूक गोष्ट. तुटीच्या साली काही कर्ती माणसे बोलेनाशी होतात. जेवण तुटते, झोप तुटते, चारचौघांत जाणे टळते, 'आता माझा काय उपयोग' असे शब्द तोंडी येतात. घरच्यांनी याकडे स्वभाव म्हणून दुर्लक्ष करू नये. शेजारी बसावे, थेट विचारावे, 'मनात काय चाललंय?' विचारल्याने वाईट विचार येतात ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते. अशा माणसाला एकटे सोडू नये, घरातील औषध-फवारणीचे डबे कुलपात ठेवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, विनामूल्य बोलता येते. मदत मागणारा कर्ता दुबळा नसतो. बैल चिखलात रुतला की आपण चार माणसे हाक मारून बोलावतोच ना?

या आठवड्यात एवढे करावे. संध्याकाळी पंप बंद केल्यावर दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मध्ये पंप न लावता, पुन्हा मोजावे. कडब्याच्या पेंढ्या मोजाव्यात. देणे किती आणि कोणाचे, ते कागदावर लिहावे. मग रात्री जेवणानंतर घरातील सर्वांना, आजीपासून सुनेपर्यंत, एकत्र बसवावे आणि तो कागद मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर आधी आपण बोलू नये. घरातील प्रत्येकाने काय मोजले आहे, ते ऐकून घ्यावे. पेरणी किती करायची हे त्यानंतर ठरवावे.